‘पित्या’ म्हणताना ओठ मिटतात

पत्र थोडक्यात : लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत. जन्म पुण्यातला, माहेर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील कारखान्यात नोकरीला होते, चर्चच्या कमिटीवर होते, खड्या आवाजात गीतं म्हणायचे. घरी मात्र प्यायले की आईवर आणि मुलांवर पट्टा उगारायचे. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना कधी चुकली नाही; कित्येकदा मारहाण आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यांच्यात अर्ध्या तासाचंही अंतर नसायचं. मारताना वचन सांगायचे, की ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्यालाच तो शिक्षा करतो. आई सहा वर्षांपूर्वी गेली. आता वडिलांना अर्धांगवायू झालाय. ते भावाकडे असतात आणि ‘तिला बोलवा’ असं सारखं म्हणतात. ताई संडे स्कूलमध्ये शिकवतात. गेलं वर्षभर उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना सुरू झाली की पहिल्याच ओळीला त्यांचे ओठ मिटतात. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंजवळ मन मोकळं केलं, तर त्या म्हणाल्या, ‘आधी पप्पांना क्षमा कर, मग प्रार्थना आपोआप सुटेल.’ मागच्या महिन्यात वर्गातल्या सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘टीचर, देव बाप आहे, म्हणजे तो पण मारतो का?’ ताईंना उत्तर देता आलं नाही. त्या विचारतात : माझा विश्वास खोटा आहे का? संडे स्कूल सोडू का? आणि पप्पांना भेटायला जाऊ का?

प्रिय ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी त्या सात वर्षांच्या मुलीपाशी थांबू. ‘तो पण मारतो का?’ या वाक्यातला ‘पण’ पुन्हा एकदा ऐका. लहान मूल असा ‘पण’ उगाच घालत नाही. कदाचित शेजारच्या घरातलं काही तिनं पाहिलं असेल, कदाचित रागाच्या भरात बसलेली एखादी चापट तिच्या मनात असेल. पण कदाचित तुमच्या लहानपणी तुमच्या घरात जे चालायचं, तेच तिच्या घरात आज चालत असेल. तुम्हाला उत्तर सुचलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मला वाटतं, तो प्रश्न तिनं वर्गातल्या नेमक्या माणसाला विचारला.

या रविवारी वर्ग सुटल्यावर तिला जवळ बसवा. चित्र रंगवायला द्या, वह्या गोळा करायला मदतीला घ्या आणि सहज म्हणा, ‘त्या दिवशी तू छान प्रश्न विचारलास. तुला असं का वाटलं गं?’ मग गप्प राहा. खोदून खोदून विचारू नका, तिच्या तोंडी शब्द घालू नका, आणि ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागू शकतं. ती काही बोलली तर ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणा. अंगावर वळ दिसले किंवा ती घरी जायला घाबरली, तर १०९८ या मुलांसाठीच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो. पाळकसाहेबांना सांगावं लागेलच, पण सांगून तिथंच थांबू नका. ‘घरातली गोष्ट आहे, समजावून सांगू’ या वाक्याखाली किती मुलांची लहानपणं गेली आहेत, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आणि म्हणूनच संडे स्कूल सोडू नका.

आता विश्वासाचं. तुम्ही लिहिलंय की ‘पिता’ हा शब्दच तोंडातून निघत नाही, तर मी ख्रिस्ती कसली? मार्काचं शुभवर्तमान उघडून दोन जागा शेजारी शेजारी ठेवा. चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत येशू देवाला ‘अब्बा’ म्हणतो. मार्कानं तो मूळ अरामी शब्द मुद्दाम तसाच ठेवलाय. (अब्बा म्हणजे लहान मुलाचं ‘पप्पा’, असं आपण प्रवचनांत बऱ्याचदा ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. मोठी झालेली मुलंही बापाला हाच शब्द वापरायची. त्यात लाड असेल तितकाच आदरही आहे.) ही झाली रात्रीची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी, पंधराव्या अध्यायात, तोच येशू क्रुसावरून ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तिथं ‘अब्बा’ नाही, ‘पित्या’ नाही. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ तेवढी आहे. चार शुभवर्तमानांत येशूच्या ज्या प्रार्थना नोंदल्या आहेत, त्यांत देवाला पिता न म्हणता केलेली ही एकच. मी याचा अर्थ असा घेते, की वेदना अंगावर असताना प्रभूच्याही ओठांवर तो शब्द आला नाही. त्यानं हाक मारणं मात्र थांबवलं नाही. तुमचे ओठ त्या ओळीला मिटत असतील, तर तुम्ही त्याच्यापासून दूर गेला आहात असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्राखाली, आणि तुम्हाला सल्ला देणाऱ्या बाईंच्या बोलण्याखालीही, एक गृहीत आहे. ते असं, की आपण आपल्या बापाकडे बघून देवाची कल्पना करतो. बाप चांगला तर देव चांगला, बाप पट्टा घेऊन उभा तर देवही पट्टा घेऊन उभा. मन असं चालतं हे खोटं नाही. पण येशू या वाटेनं गेला नाही. ‘मुलानं भाकर मागितली तर त्याला धोंडा देणारा तुमच्यात कोण आहे?’ असं विचारून तो पुढं म्हणतो, तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगल्या वस्तू देता, तर तुमचा स्वर्गातला पिता किती अधिक देईल. त्या ‘किती अधिक’मध्ये माणसांमधल्या बापांचं माप आधीच काढलेलं आहे, आणि ते कमी भरलेलं आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तर तो म्हणतो, पृथ्वीवर कुणाला ‘पिता’ म्हणू नका, तुमचा पिता एकच आहे. मला हे वचन लहानपणी विचित्र वाटायचं. आता वाटतं, की ते तुमच्यासारख्या लेकींसाठी आहे. तुमचे पप्पा हा शब्द स्वतःच्या मालकीचा समजून वापरत होते. तो त्यांचा नव्हताच.

जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचा अकरावा अध्यायही एकदा शांतपणे वाचा. देव तिथं म्हणतो, मी एफ्राइमाला, म्हणजे माझ्या इस्राएल लोकांना, लेकरासारखं चालायला शिकवलं, त्याला हातांवर घेतलं, वाकून खाऊ घातलं. लेकरू पाठ फिरवून गेलंय, देवाला राग आलाय, आणि तरी त्याचा हात उगारला जात नाही. का? तर ‘मी देव आहे, मनुष्य नव्हे.’ मूळ हिब्रूत इथं जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पुरुष’ असाही होतो. रागात पुरुष करतो ते मी करणार नाही, असं देव स्वतः सांगतोय.

इथं माझं थोडं सांगते. माझे वडील अतिशय प्रेमळ होते. सायकलच्या दांड्यावर बसवून मला पंचहौदाच्या चर्चला न्यायचे आणि वाटेत स्तोत्रं पाठ करून घ्यायचे. तुम्हाला वाटेल, हिला ‘पित्या’ म्हणणं किती सोपं गेलं असेल. गेलंही. पण ते वारले तेव्हा माझी प्रार्थना वर्षभर सुकून गेली, आणि मला कळलं, की इतकी वर्षं मी देवाचं नाव घेऊन माझ्या वडिलांशीच बोलत होते. वाईट बाप आडवा येतो तसा चांगला बापही आडवा येतो. मला तो शब्द चाळिशीत नव्यानं शिकावा लागला. मधल्या काळात मी नुसतं ‘प्रभू’ म्हणत असे.

तुम्हीही तसं करू शकता. आणि मराठी माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. दर आषाढात आपल्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत पालख्या मुक्कामाला येतात. सिटी चर्चपासून हाकेच्या अंतरावर ‘माउली, माउली’ चाललेलं असतं. देवाला आई म्हणणं इथल्या हवेतच आहे. पण त्याच ज्ञानोबांच्या अभंगांची मुद्रिका पाहिलीत का? ‘बाप रखुमादेवीवरु.’ परंपरा सांगते, की या पोरांच्या आईबापांना प्रायश्चित्त म्हणून देह टाकावा लागला, पोरं उघड्यावर पडली. ज्याचा बाप असा गेला, त्यानं विठ्ठलाला बाप म्हटलं. उलट, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं वडिलांशी कधी जुळलं नाही, आई लहानपणीच गेली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या कवितेत ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. त्यांना कुणी अर्धवट ख्रिस्ती म्हणत नाही. त्यांची गीतं आजही आपल्या उपासनेत म्हटली जातात. शास्त्रातही याला आधार आहे. आई लेकराचं सांत्वन करते तसं मी करीन, असं यशयाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी तर येशूनं स्वतःसाठीच वापरली. लूकाच्या पंधराव्या अध्यायात धावत जाऊन मुलाला मिठी मारणाऱ्या बापाच्या आधी, हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई आहे, आणि तीही देवाचीच खूण आहे.

पट्ट्याबरोबर सांगितलं जाणारं ते वचन मात्र मला तसंच सोडवत नाही. इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय छळ सोसणाऱ्या प्रौढ माणसांच्या मंडळीला लिहिलेला आहे. ‘शिक्षा’साठी तिथं जो ग्रीक शब्द आहे त्याचा मूळ अर्थ मुलाला घडवणं, वळण लावणं. आणि पुढच्याच ओळींत लेखक दोन बापांना वेगळं काढतो. माणसांमधले बाप ‘आपल्याला बरं दिसेल तसं’ वळण लावतात, देव मात्र आपल्या हितासाठी. म्हणजे माणसाची मर्जी आणि देवाचं हित ही एक नाहीत, असं त्याच परिच्छेदात लिहिलंय. तुमच्या पप्पांनी अर्धं वचन वाचलं. इफिसकरांस पत्रात तर बापांना सरळ आज्ञा आहे, की आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. ती त्यांनी कधी मोठ्यानं वाचल्याचं तुमच्या पत्रात नाही.

आता क्षमा. ‘आधी क्षमा, मग प्रार्थना’ हे त्या बाईंनी मायेनंच सांगितलं असेल. प्रभूच्या प्रार्थनेला लागूनच क्षमेची अट आहे, हेही खरं. मी ती पुसून टाकू शकत नाही. पण आपल्या मराठी प्रार्थनेत शब्द काय आहेत ते बघा : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ ऋण सोडायचं तर आधी वही उघडावी लागते. कोणी, कधी, किती नेलं ते लिहिलेलं असावं लागतं. वही न उघडताच ‘जाऊ दे’ म्हटलं, तर ते ऋण सोडणं होत नाही, नुसती झाकपाक होते. तुम्हाला वही उघडायला कुणी वेळच दिला नाही. आई होती तोवर तिच्यासाठी गप्प, मग वडील आजारी म्हणून गप्प. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि लिहा. तारखा आठवत नसतील तर इयत्ता लिहा. देवासमोर लिहा, तेरावं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र लिहिणाऱ्यांनी हेच केलं. लिहिताना झोप उडाली, जुनं सगळं अंगावर आलं, तर एकट्या सोसू नका. प्रशिक्षित समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. असं केल्यानं विश्वास कमी होत नाही. ताप आला की आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरकडेही जातो.

आणखी एक गोष्ट त्या बाईंना कदाचित सुचली नसेल. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर आधी जाऊन समेट कर. नीट वाचा : ज्यानं दुखावलंय, त्यानं उठून जायचंय. चर्चच्या कमिटीवर बसून वर्षानुवर्षं अर्पणाची थाळी फिरवली ती तुमच्या पप्पांनी. तेव्हा वेदीपाशी पहिला निरोप त्यांना होता.

भेटायला जायचं का? हा प्रश्न मी क्षमेपासून वेगळा ठेवते. क्षमा त्यांच्या खोलीत न जाताही करता येते आणि भेट क्षमा पूर्ण होण्याआधीही घेता येते. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे, आणि येशूनं मार्काच्या सातव्या अध्यायात तिचा अर्थ पोसण्याशी, सांभाळण्याशी जोडलाय. घडलं ते लपवून ठेवण्याशी नाही. भाऊ एकटा सगळं करतोय. औषधांचे किंवा रात्रीच्या आयाबाईचे पैसे दरमहा दिलेत तर तोही मान राखणंच आहे, आणि ते तुम्ही आजपासून करू शकता.

जायचं ठरवलंत तर एकट्या जाऊ नका, नवऱ्याला सोबत घ्या. अर्धा तास ठरवून जा. भावाला आधीच सांगा, की ‘पाया पड, माफी दे’ असला सोहळा नको. ते रडतील. म्हातारपणी, आजारपणात माणसं रडतात. ते अश्रू खरे असतील, आणि तरी त्यांत पश्चात्ताप असेलच असं नाही. ते ‘मी चुकलो’ म्हणाले, तर तुम्हाला लगेच काही देणं लागत नाही; ‘मी ऐकलं’ एवढं पुरे. ते काहीच म्हणाले नाहीत, किंवा पुन्हा तेच वचन सांगू लागले, तर उठा आणि निघा. आणि जायचंच नाही असं आज वाटत असेल, तर आज जाऊ नका. त्यांच्याकडे दिवस किती उरलेत ते आपल्या हातात नाही, हे मला कळतं. नंतर रुखरुख लागेल का, याचा विचार तुम्हीच करायचा आहे. मी असते तर एकदा गेले असते, पण मी तुमच्या घरात वाढलेले नाही.

रविवारच्या उपासनेचं मी असं सुचवेन. पहिल्या ओळीला गप्प राहा आणि ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’पासून सुरुवात करा. एकदा मोजून बघा, पुढच्या सगळ्या मागण्यांत ‘पित्या’ हा शब्द परत येत नाही. आणि ती पहिली ओळ ‘माझ्या’ अशी नसून ‘आमच्या’ अशी आहे. ज्या दिवशी तुमचे ओठ मिटतात, त्या दिवशी बाकावर शेजारी बसलेली बाई ती ओळ तुमच्या वतीनंही म्हणत असते. मंडळी यासाठीच असते.

कधी रविवार सोडून वेळ मिळाला, तर दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं केडगावला उतरून पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघून या. रमाबाईंनी आपल्या वडिलांची शेवटची आठवण लिहून ठेवली आहे. दुष्काळात सारं संपलेलं असताना त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं, तू माझी सर्वांत लाडकी म्हणाले, आणि तुला देवाच्या हाती दिलंय असं सांगितलं. अशी लेक पुढं १८९६ नंतरच्या दुष्काळांतून ज्या मुली घेऊन आली, त्यांतल्या कित्येकींना कुणीच उरलं नव्हतं. ‘बाप’ या शब्दाचा त्यांना काय अर्थ लागला असेल? त्यांना आधी भाकरी मिळाली, अंगावर धडका कपडा मिळाला, मार न खाता झोपायला जागा मिळाली. पुढं रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात मुक्तीच्या मुलीबायकांनी छापलं. ते पुरं होऊन बाहेर पडलं १९२४ साली, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. शब्द शेवटी हाती आला, आधी भाकरी.

तुमच्या वर्गातही हाच क्रम ठेवा. ‘देव तुमच्या पप्पांसारखा आहे’ असं वाक्य यापुढे मुलांसमोर उच्चारू नका. वर्गात कोणाचे पप्पा कसे आहेत ते आपल्याला माहीत नसतं. आधी मेंढपाळ शिकवा, कोंबडी शिकवा, नाणं शोधणारी बाई शिकवा. मग धावत येणारा बाप शिकवा, आणि त्याच्या गोष्टीचा शेवटही सांगा, की रुसून बाहेर उभ्या राहिलेल्या थोरल्या मुलाला समजवायलाही तो स्वतः अंगणात आला.

त्या मुलीला उत्तर द्यायचंच आहे. ते तुमच्या तोंडून गेलं तर तिला खरं वाटेल, कारण मुलांना आवाजातलं खरं ओळखता येतं. तिच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, ‘नाही गं. देव मारत नाही. आणि लहान मुलीला कुणी मारलं, तर ते देवाला आवडत नाही.’ मग तिला बोलायचं असेल तर बोलू द्या. तिची आई न्यायला येईपर्यंत तिच्याजवळ थांबा, आणि पुढं काय झालं ते मला नक्की कळवा.